नवव्या फरशीवरून ‘सुप्रभात’

शिक्षकाच्या खिशात दोन गोष्टी आपोआप साचतात. खडूचे तुकडे आणि किस्से. खडू बायको धुण्याआधी काढून टाकते. किस्से मात्र कितीही धुतले तरी राहतात. धुळ्यात, देवपूरच्या एका शाळेत मी बावीस वर्षं भूगोल शिकवतोय, तेव्हा माझ्याकडे ते पोत्याने निघतील. पण आमच्या स्टाफरूममध्ये चहाचा कप हातात घेऊन कोणी म्हणालं, “भारंबे सर, एखादा होऊन जाऊ द्या,” की बाकीचे सगळे किस्से बाजूला पडतात. मागणी एकाच विषयाची. माझ्या तोंडाची!

हो, तोंडाचीच. माझ्या तोंडाला वास यायचा. ‘आज कांदा खाल्लेला दिसतोय’ असला किरकोळ नाही. बारमाही! सकाळी, दुपारी, उपासाला, सणाला. आणि ही गोष्ट मला सोडून सगळ्या शाळेला माहीत होती.

आता हसत सांगतो, कारण आता तो येत नाही. तेव्हा हसायला मला बराच वेळ लागला.

* * *

मला माझ्या वर्गाचा फार अभिमान होता. दुसऱ्यांच्या तासाला पोरं टेबलाभोवती गर्दी करायची, वही पुढे कर, शंका विचार, नुसता गोंधळ. माझ्या तासाला एक जण जागचा उठत नसे. मी चौधरी सरांना सांगायचो, “आपलं शिकवणंच इतकं स्वच्छ की शंका उरतच नाही!” चौधरी सर मान हलवायचे आणि खिडकीकडे बघायचे.

कोरोना गेला, सगळ्या वर्गांतले मास्क गेले. माझ्या तासाला मात्र पोरं खिशातून मास्क काढून लावायची. मी हेडसरांना कौतुकाने म्हटलं होतं, “काय जागरूक पिढी आहे!”

मग एक दिवस आठवीला ‘वारे’ शिकवत होतो. वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो, हे फळ्यावर बाण काढून सांगितलं. खिडकी उघडी, दार उघडं, छान झुळूक येत होती. म्हटलं, मुलांना अनुभवातून शिकवावं. तिसऱ्या बाकावरच्या ऋतुजाला उभं केलं.

“सांग बरं, आत्ता या वर्गात वारा कुठून कुठे वाहतोय?”

उत्तर होतं, खिडकीकडून दाराकडे. ऋतुजा सरळ मनाची पोरगी. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “सर, तुमच्याकडून आमच्याकडे!”

मग वर्ग असा फुटला की शेजारच्या वर्गातून बाई बघायला आल्या. मीही हसलो. हसता हसता पहिल्या बाकाकडे नजर गेली. तिथली एक मुलगी नाकाला रुमाल लावून शांतपणे वहीत बाण काढत होती. ती हसत नव्हती. तिला सवय होती.

* * *

घरी गेलो. संध्या, माझी बायको, भाकरी थापत होती. दारातूनच विचारलं, “संध्या, माझ्या तोंडाला वास येतो का गं?”

तिचा हात परातीतच थांबला. “कोणी सांगितलं?”

‘छे’ नाही, ‘काहीतरीच काय’ नाही. ‘कोणी सांगितलं?’ पेपर फुटल्यावर चौकशी करतात तशी!

“अगं, अठरा वर्षं झाली लग्नाला. एकदा तरी सांगायचंस!”

“सांगणारच होते. पण पहिल्या वर्षी नवी नवरी, कसं सांगणार? दुसऱ्या वर्षी वाटलं, आता सांगितलं तर म्हणाल पहिल्या वर्षी का नाही सांगितलं. तिसऱ्या वर्षी…”

“कळलं, कळलं!”

तिने भाकरी तव्यावर टाकली. म्हणाली, “आपल्याकडे महिन्याला किलोभर बडीशेप संपते. शेजारच्या वहिनींना पावशेर पुरते. तुम्हाला कधी प्रश्न पडला नाही?”

“मला वाटायचं, आपल्याकडे पाहुणे जास्त येतात.”

संध्या भाकरी उलटवत साध्या आवाजात म्हणाली, “आपल्याकडे येतं कोण?”

त्या रात्री मनाशी ठरवलं. आता लपवायचं नाही. रोग माझा, तोंडही माझंच. मग बोलायचंही मीच.

* * *

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या मधोमध उभा राहिलो.

“मित्रहो, एक सांगायचंय. माझ्या तोंडाला वास येतो.”

पहिले चौधरी सर बोलले. हे विज्ञानाचे, माझे टेबलशेजारी, मूळ रावेरचे.

“भारंबे सर, ही बातमी नाही. हा इतिहास आहे. आणि तुमचा विषय भूगोल!”

स्टाफरूम जी हसायला लागली, ती घंटा झाली तरी थांबेना. मीही पोटभर हसलो. गंमत म्हणजे, हसता हसता लोक खुर्च्या ओढून माझ्या जवळ आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

महाजन मॅडम हिंदी शिकवतात, आणि घरगुती औषधांचं त्यांच्याइतकं ज्ञान अख्ख्या धुळ्यात कोणाला नसेल. त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही स्वतः बोललात ना? आता हे एकट्याचं राहिलं नाही. आपण सगळे मिळून याला घालवू!”

चौधरी सर म्हणाले, “घालवू. पण आधी मोजू. मोजल्याशिवाय विज्ञान नाही.”

मोजायचं कसं? उत्तर शेख सरांच्या चेहऱ्यावर होतं. म्हणजे त्यांच्या नाकात! शेख सर चित्रकलेचे शिक्षक. त्यांच्या घरी तीन पिढ्या अत्तराचा व्यापार. बंद बाटली नुसती हातात घेऊन आत गुलाब की मोगरा सांगणारा माणूस. सोमवारी सकाळी घंटेआधी त्यांना व्हरांड्याच्या एका टोकाला खुर्चीवर बसवलं, डोळ्यांवर रुमाल बांधला. मी दुसऱ्या टोकाला. मधे शहाबादी फरश्या, शेख सरांच्या खुर्चीपासून मोजलेल्या. एकेक फरशी पुढे यायचं आणि दर फरशीवर थांबून म्हणायचं, “सुप्रभात!” वास आला की शेख सरांनी हात वर करायचा.

नवव्या फरशीवर हात वर झाला.

“नऊ!” चौधरी सरांनी वहीत लिहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “घाबरू नका सर. एव्हरेस्ट पण पायथ्यापासूनच चढतात.”

* * *

पहिला उपाय महाजन मॅडमचा. लवंग. “एक लवंग गालात धरायची. चावायची नाही, नुसती धरायची.”

मी म्हटलं, एकीने एवढा फरक पडत असेल तर चार धराव्यात! चार लवंगा घेऊन सातवीच्या तासाला गेलो. दहा मिनिटांत जीभ बधिर. गाल बधिर. ओठ आहे की नाही, हात लावून बघावं लागलं. विषय होता भारतातल्या नद्या. मी जीव तोडून शिकवलं.

आठवड्याने वह्या तपासायला घेतल्या. बेचाळीस वह्यांमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, ‘बम्मपुत्ता ही भारतातील मोठी नदी आहे.’

सोमवारी पुन्हा चाचणी. आठव्या फरशीवर शेख सरांचा हात वर गेला. चौधरी सरांनी विचारलं, “काय आलं?”

शेख सर डोळ्यांवरच्या रुमालाआडून गंभीरपणे म्हणाले, “आधी लवंग आली. मग… असली बात आली.”

तरी एक फरशी जिंकली होती! महाजन मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

* * *

मग काय, उपायांची रांगच लागली. सकाळी उठून तिळाच्या तेलाच्या गुळण्या. दुपारी ओवा. जेवणानंतर वेलदोडा. निंबाआप्पा म्हणजे आमच्या शाळेचे शिपाई. ते पांझरा नदीच्या काठावरून रोज बाभळीची ताजी काडी आणून माझ्या टेबलावर ठेवायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून, हार आणावा तशी. आठ दिवसांत अर्धा स्टाफ काड्या चावत फिरायला लागला. तपासणीला आलेले साहेब हेडसरांना विचारून गेले, “तुमच्याकडे टूथपेस्टची टंचाई आहे का?”

पण त्यातला अस्सल किस्सा पेरूच्या पाल्याचा.

महाजन मॅडम म्हणाल्या होत्या, पेरूची कोवळी पानं चावा. शाळेच्या मागच्या अंगणात पेरूचं झाड होतंच. मी रोज पहिल्या तासाआधी हळूच जायचो आणि चार-पाच पानं तोंडात टाकायचो. सगळ्या उपायांत हा एकच मी चोरून करत होतो, कारण ते झाड हेडसरांचं लाडकं. त्यांनी स्वतः लावलेलं.

महिनाभरात झाड हात पुरेल तेवढ्या उंचीपर्यंत बोडकं झालं. वर हिरवंगार, खाली नुसत्या काड्या. हेडसर भडकले. सूचनाफलकावर खडूने लिहिलं, ‘मागील गेट बंद ठेवावे. शाळेत शेळी येते.’ आणि निंबाआप्पांना शेळी पकडायला बसवलं.

आप्पा दोन दिवस भिंतीआड दबा धरून बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी फांदी वाकवून पान तोंडात घातलं, तेवढ्यात मागून आवाज आला. अख्ख्या शाळेला ऐकू जाईल असा!

“हेडसर, या लवकर! बकरी सापडनी!”

हेडसर धावत आले. माझ्याकडे बघितलं, माझ्या तोंडातल्या पानाकडे बघितलं. मला वाटलं, आता मेमो. ते हळूच म्हणाले, “फरक पडतोय का?”

“सात फरश्या झाल्या, सर.”

“मग खा,” ते म्हणाले आणि पाठ वळवून निघून गेले. संध्याकाळी फलकावरची सूचना त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली.

* * *

थंडीत आमच्या स्टाफची भरीत पार्टी असते. चौधरी सरांच्या पाहुण्यांचं शेत. तुरीच्या वाळक्या तुराट्यांवर भाजलेली वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, भरितात मूठभर लसूण, वर कांद्याची पात, तोंडी लावायला हिरव्या मिरचीचा ठेचा. खानदेशी माणसाने असल्या ताटापुढे नियम पाळायचा म्हणजे… जाऊ द्या! पण मी पाळला. कच्चा कांदा नाही, लसूण नाही. माझं भरीत संध्याने घरून डब्यात दिलेलं, बिनलसणाचं. सगळे मिटक्या मारत होते आणि मी बांधावर बसून ते जेवत होतो.

जेवणं झाली. सगळे आडवे झाले. तेवढ्यात चौधरी सर उठून बसले. “अरे, आज सगळ्यांचीच चाचणी घेऊ या!”

फरश्या नव्हत्या, पावलं मोजली. शेख सरांच्या डोळ्यांवर रुमाल. एकेक जण पुढे येऊन आवाज बदलून ‘सुप्रभात’ म्हणायला लागला. दुपारचे तीन वाजले होते, तरी सुप्रभातच! चौधरी सर बारा पावलांवर पकडले गेले. हेडसर अकरा. महाजन मॅडम दहा. शेख सर कळवळून म्हणाले, “अरे, थोडी तो रहम करा!”

शेवटी मी. दहा, नऊ, आठ, सात गेलं. सहाव्या पावलावर हात वर झाला.

“कोण होतं हे?” शेख सरांनी विचारलं. “सगळ्यांत चांगलं हेच आहे!”

त्या शेतात मला खांद्यावर घेऊन लोक नाचले. बावीस वर्षांच्या नोकरीत तोंडाच्या बाबतीत माझा पहिला नंबर आला होता!

* * *

पण पुढे गाडी अडली. सहा म्हणजे सहा. पुदिना झाला, तुरटी झाली, दालचिनीचं पाणी झालं. फरशी हलेना. मी खट्टू झालो. तेव्हा निंबाआप्पा चहा ठेवता ठेवता म्हणाले, “सर, राग नका धरा. बठ्ठा उपाय व्हयी ग्यात. आते एकदाव दातना डाक्टरले तोंड दखाडा ना!”

सगळा स्टाफ एकमेकांकडे बघायला लागला. दातांचा डॉक्टर! सहा महिन्यांत हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात आलं होतं, पण त्या खुर्चीची मला भीती वाटायची.

धुळ्यात कोणी ओळखीचं दिसेल म्हणून जळगावला गेलो. कोणाला माहीत नसलेला दवाखाना शोधला. खुर्चीवर आडवा झालो, दिवा डोळ्यांवर आला, डॉक्टरीणबाई मास्क लावून वाकल्या. “तोंड उघडा.” उघडलं. त्या जराही मागे सरल्या नाहीत. आत बघत बघत म्हणाल्या, “सर, ओळखलंत का मला?”

तोंडात आरसा! मी नुसतं ‘आं’ केलं.

“मी प्राची. देवपूरच्या शाळेतली. आठवीला तुमच्या तासाला पहिल्या बाकावर बसायचे. मी डेंटिस्ट का झाले माहितेय, सर?”

मी मान हलवली.

“तुमच्यामुळे!”

हसावं की तोंड मिटावं, कळेना. मिटता तर येतच नव्हतं. प्राची मात्र हसत हसत कामाला लागली. हिरड्यांखाली वर्षानुवर्षांचा कडक थर बसला होता. अक्कलदाढेच्या मागे अन्न अडकून राहील असा कप्पा होता. जिभेवर मागे पांढरी साय. आणि दिवसाला पाच-सहा तास बोलून तोंड कोरडं, वर पाणी प्यायची सवय नाही.

“माझे उपाय मग फुकट गेले?” मी चूळ भरून विचारलं.

“नाही, सर. लवंग, बडीशेप, बाभळीची काडी, काही वाईट नाही. पण घरात काही कुजत असेल तर उदबत्तीने किती भागणार? आधी ते काढू.”

चार खेपा झाल्या. दाढ गेली, थर गेला. रोज जीभ घासायची, दातांच्या फटी दोऱ्याने साफ करायच्या, प्रत्येक तासाला दोन घोट पाणी. एवढंच! शेवटच्या खेपेला प्राचीने मास्क काढला, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाली, “आता बोला, सर. आठवीत तुम्ही काय शिकवत होतात, मला काही ऐकू आलं नव्हतं. सगळं लक्ष श्वास धरण्यात!”

* * *

त्यानंतरचा सोमवार. व्हरांड्यात सगळा स्टाफ भिंतीला टेकून उभा. गोष्ट बाहेर गेली होती, त्यामुळे खिडक्यांच्या गजांतून पोरांची डोकी. आवाजावरून कळायला नको म्हणून चौधरी सरांचा नवा नियम, ‘सुप्रभात’ नाही, नुसता श्वास सोडायचा. शेख सरांच्या डोळ्यांवर रुमाल.

नववी फरशी. श्वास सोडला. काही नाही.

आठवी. सातवी. सहावी. हात मांडीवरच.

पाचवी, चौथी. महाजन मॅडमनी पदर तोंडाशी धरला होता. तिसरी. दुसरी. चौधरी सर वहीत लिहायचं विसरले होते. पहिली फरशी. मी शेख सरांच्या अगदी समोर, त्यांच्या गुडघ्याला माझा गुडघा लागेल इतका जवळ. खाली वाकलो. मोठा श्वास सोडला. त्यांच्या नाकावर!

शेख सर वैतागून म्हणाले, “काय चाललंय? किती वेळ बसवणार? भारंबे सर अजून आले नाहीत का?”

पुढचं मला नीट आठवत नाही. पोरांचा गलका आठवतो. हेडसरांनी प्रार्थनेआधीच दहा मिनिटं सुट्टी जाहीर केली ते आठवतं. शेख सरांनी डोळ्यांवरचा रुमाल काढला, मला समोर बघितलं आणि उठून कडकडून मिठी मारली. संध्याने ते सगळं फोनवर ऐकलं, कारण मी लावलेला फोन खिशात चालूच राहिला होता. पलीकडून ती ओरडत होती, “किती आले? अहो, किती आले?”

“शून्य!” मी ओरडलो. “संध्या, शून्य!”

गणितात कधी एवढ्या आनंदाने शून्य सांगितलं नव्हतं.

* * *

त्याच आठवड्यात आठवीचा तास संपला आणि एक मुलगी बाक सोडून उठली. सरळ टेबलाशी आली, वही माझ्यासमोर ठेवली, माझ्या शेजारी वाकून उभी राहिली आणि म्हणाली, “सर, एक शंका आहे.”

बावीस वर्षांत पहिली शंका! ऊर भरून आला. म्हटलं, “विचार, बेटा, विचार!”

तिने विचारली. आणि काय सांगू, मला उत्तर येईना!

* * *

आता शेवटचा किस्सा. हा स्टाफरूममध्ये मी सांगत नाही, चौधरी सर सांगतात, कारण ते तिथे हजर होते.

माझे सासरे, आबा, रावेरजवळच्या गावात असतात. केळीची बाग (आबांच्या बोलीत ‘केयी’), जुनं कौलारू घर, पुढे मोठं अंगण. सासूबाई गेल्या त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून आबा एकटे. ऐंशीच्या घरातला माणूस, कानाने कमी ऐकू येतं, पण ताठ. संध्याचा जीव सगळा तिकडे. पण ती स्वतः कधी बोलली नाही. तिचं म्हणणं, बापाने लेकीच्या घरी राहायचं तर बोलावणं जावयाचं पाहिजे, तरच ते येतील. म्हणून दर दिवाळीला आणि दर उन्हाळ्यात बोलावणं मी करायचो.

अंगणात पाय ठेवला की आबा खाटेवरून हात करायचे, “या या, जवाईबापू! तठीच बसा, तठी वारं चांगलं लागते.” तिकडे पार पलीकडे, तुळशीजवळ माझी खुर्ची आधीच मांडलेली असायची. मी तिथे बसून मोठ्याने म्हणायचो, “आबा, आता इथे एकटे कशाला राहता? आमच्याकडे चला, देवपूरला!”

आबा मान डोलवायचे. “बरा हाये, बरा हाये!”

पुढच्या वर्षी पुन्हा. आबा म्हणायचे, “यंदा काई खरं नाई. पुढच्या साली पाहू.”

एकदा म्हणाले, “कापनी होऊ द्या, मंग सांगतो.”

मी समजायचो, स्वाभिमानी माणूस आहे, जीव बागेत अडकलाय. परतीच्या वाटेवर संध्या खिडकीबाहेर बघत रडायची. मी म्हणायचो, “मी तरी किती विचारू?”

या उन्हाळ्यात चौधरी सर त्यांच्या गाडीतून गावी निघाले होते, आम्हीही सोबत गेलो. अंगणात शिरलो. आबांनी हात केला, “या, जवाईबापू! तठीच बसा!” तुळशीजवळ खुर्ची होतीच. पण यंदा मी खुर्चीकडे गेलोच नाही. सरळ खाटेपाशी गेलो आणि आबांच्या शेजारी बसलो. आबांनी एकदम डोळे मिटले, मान एका बाजूला केली. मी त्यांच्या कानाशी वाकलो.

“आबा, आमच्याकडे राहायला चला. संध्यालाही हेच पाहिजे, मलाही.”

आबांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मान हळूहळू माझ्याकडे वळली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या लेकीकडे. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि तिला हाक मारली, “संध्या, माही पिशवी भर. धोतरं वरच्या कोनाड्यात हायेत.”

संध्या तिथेच उंबऱ्यावर बसली. चौधरी सर चष्मा पुसायला लागले.

मग आबा माझ्याकडे वळून थोडं रागावूनच म्हणाले, “मंग इतके सालं काऊन नाई म्हटलं?”

“आबा, सहा वर्षं झाली, दर खेपेला हेच म्हणतोय!”

“हे म्हनत होते तुम्ही?”

“मग तुम्हाला काय वाटलं?”

आबा म्हणाले, “मले वाटे, तुम्ही केयीचा भाव पुसता!”